आवाज न करता गेलास, बाळू

बाळू,

काल, तुझ्या दहाव्याला, घाटावर नऊ जण बोलले. मी मोजले, कारण मला दुसरं काही काम नव्हतं. एकानं तुला सहकारातला हिरा म्हटलं, दुसऱ्यानं आधारवड. तिसरा, ज्याला तू हयातभर 'येडं' म्हणायचास, त्यानं डोळे पुसत सांगितलं की असा दिलदार मित्र पुन्हा होणे नाही. माईक फिरत फिरत माझ्याकडे आला. मी हात जोडले आणि तो पुढच्याकडे दिला. लोकांना वाटलं, रामदासचा कंठ दाटून आला. कंठ वगैरे काही नाही. मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं.

चौकातल्या फ्लेक्सवर तुझ्या फोटोखाली 'शोकाकुल' म्हणून माझाही फोटो आहे, न विचारता छापलेला. तोही निवडणुकीतला, हात जोडून हसतानाचा. म्हणजे तुझ्या मरणावर मी मतं मागतोय असं दिसतं. तू असतास तर त्यावर आठवडाभर हसला असतास आणि मी तुला शिव्या घातल्या असत्या. आता कुणाला घालू?

तर तुझं कार्य, तुझा स्वभाव, तुझी समाजसेवा हे सगळं त्या नऊ जणांनी सांगून झालंय. मी भांडायला बसलोय. सव्वादोन वर्षं आपण बोललो नाही. गाव एक, दूध घालायची डेअरी एक, शेतात जायचा रस्ता एक, आणि तरी मी तुला पाहून न पाहिल्यासारखं करायला शिकलो. सोपं नव्हतं ते, तुझी उंची सहा फूट. या सव्वादोन वर्षांत मला एकच गोष्ट तुझ्या तोंडून ऐकायची होती, की का केलंस. मी ठरवलं होतं की तू येशील, सांगशील, मी तासभर तुला वाट्टेल ते बोलीन आणि मग चहा सांगीन. आणि तू दहा दिवसांपूर्वी सकाळी नर्सरीत रोपांचे ट्रे मोजता मोजता खाली बसलास तो उठलाच नाहीस. याला काय म्हणायचं? आमच्याकडं याला पळून जाणं म्हणतात.

गाडीपासून सुरुवात करतो, कारण जे झालं ते तिच्यातच झालं.

शोरूमला मीच बरोबर आलो होतो. तुझी ऊसरोपांची नर्सरी जोरात होती, दोन गोडाऊनं कंपनीला भाड्यानं गेली होती, आणि तुला मोठी गाडी पाहिजे होती. मी सांगत होतो, डिझेल घे, पांढरी घे, चार पुढारी घेतात ती घे. तू त्या ओल्या पाटीच्या रंगाच्या गाडीपुढं जाऊन उभा राहिलास तो हलेना. टाय लावलेला माणूस म्हणाला, ही प्लग-इन हायब्रिड आहे सर, घरी चार्ज करा, चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर पळेल, पुढं पेट्रोलवर. तू त्याला विचारलंस, "आन् कळतं का, कशावर चालतीय ते?" तो म्हणाला, आत बसणाऱ्याला कळतसुद्धा नाही सर. तुझे डोळे असे चमकले की मी तिथंच ओळखलं, आता डिझेलचं नाव काढण्यात अर्थ नाही.

परत येताना मी म्हणालो, "दोन घरचा पाहुणा उपाशी, बाळू. धड ही न्हाई, धड ती न्हाई."

"न्हाई रं राम्या," तू म्हणालास, "दोन घरचा पाहुणा दोन्हीकडं जेवतो. फकस्त सांगायचं न्हाई."

मी हसलो. बघ, मी हसलो त्यावर. मला वाटलं तू गाडीबद्दल बोलतोयस.

गाडी गावात आली त्या दिवशी शिवराम आबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. डेअरीच्या संचालकांमधले सगळ्यात वडीलधारे आबा, ज्यांच्या आज्यापर्यंत घरानं मेंढरांमागं मुलूख पालथा घातलेला. टायर दाबून बघितला, दार उघडून आत वास घेतला, आणि म्हणाले, "हायब्रीड म्हंजी बियानं धरता येत न्हाई, बाळासाहेब. हिच्याखाली पिल्लू व्हायचं न्हाई." सगळा चौक हसला. तूच सगळ्यात मोठ्यानं.

आणि मग ती चार्जच होईना. आठवतंय? भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा. तू त्या कस्टमर केअरवाल्या बाईला 'ताई ताई' करून पार दमवलीस. शेवटी आपल्या वायरमननं येऊन बघितलं आणि सांगितलं, घराला अर्थिंगच नाही. एवढी लाखामोलाची गाडी आणि ती अडून बसली कशासाठी, तर मीठ-कोळशासाठी. दोघांनी मिळून अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, तांब्याची पट्टी सोडली, मीठ आणि कोळसा भरला. वायरमन म्हणाला, उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतत जा, खड्डा वाळला की पुन्हा लाल दिवा. ते काम माझ्याकडं आलं, कारण तुझ्या लक्षात राहायचं नाही आणि मी रोज सकाळी डेअरीवरून येताना तुझ्याकडं चहाला थांबायचो. दोन उन्हाळे मी तुझ्या गाडीला पाणी पाजलं. म्हशीला पाजतात तसं.

तू त्या गाडीनं लहान मूल झालास, हे मी सांगायलाच पाहिजे. संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या सगळ्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसायचं आणि तू ओट्यावर फोनवर चार्जिंगचे टक्के बघत बसायचास. "चौतीस झाले. पस्तीस झाले रं." वहिनी आतून म्हणायच्या, ताप मोजल्यागत काय मोजताय? गाडी गल्लीतून चालली की तिचा आवाज म्हणजे डास कानाशी आल्याएवढा, त्यामुळं ना कोंबडी हलायची ना म्हातारी. तू काच खाली करून ओरडायचास, "सरका मावशी, गाडी आलीय." पूर्वी तुझी डिझेलची जीप ओढा उतरली की आम्हांला घरात कळायचं, आणि मंदा, माझी बायको, चहाचं आधण ठेवायची. या गाडीनंतर तू थेट दारातच उगवायला लागलास. मंदा म्हणाली होती तेव्हा, असल्या गाडीचा भरवसा न्हाई बाई, कवा आली आन् कवा गेली कळत न्हाई. बायकांना आधीच कसं कळतं कुणास ठाऊक.

पेट्रोल जाळायचं तुझ्या जिवावर यायचं. महिना झाला तरी इंजिन सुरू होऊ दिलं नाहीस. तळेगावचा बाजार विजेवर, शिरूरचं कोर्ट विजेवर, तिथं ओळखीच्या हॉटेलात पुन्हा वायर लावून परत विजेवर. मग न्हावऱ्याच्या रस्त्याला एक दिवस इंजिन आपोआप घुर्र झालं. बॅटरी भरलेली, तू काही दाबलेलं नाही. एवढा अपमान वाटला तुला की गाडी उसाच्या ट्रॉलीमागं थांबवून तू फोन लावलास, "गाडी माझं ऐकंना झालीय." पलीकडून माणसानं समजावलं की टाकीत पेट्रोल जुनं होतं म्हणून गाडी स्वतःच ते थोडं जाळते. तू फोन ठेवलास आणि दिवसभर गाडीशी अबोला धरल्यासारखा बसलास. माणसानंही मनात साठलेलं असंच अधूनमधून जाळायला हवं होतं, बाळू, पण तू तसला नव्हतास आणि मीही नाही.

आता एक गोष्ट लिहितो जी लिहिली नाही तर मी बेइमान ठरेन. माझ्या वडलांना पुण्याहून घरी आणलं तो दिवस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरी न्या. अण्णांच्या पाठीचं हाड न् हाड दुखत होतं, साध्या धक्क्यालासुद्धा ते कण्हायचे. मी ॲम्ब्युलन्स सांगणार होतो. तू म्हणालास, थांब, मी आणतो. जाताना पूर्ण रस्ता तू पेट्रोलवर चालवलास. कुठलंसं बटण दाबून बॅटरी राखून ठेवलीस. मी विचारलं, आज काय उधळपट्टी? येताना अण्णांना मागं झोपवलं आणि तू ती राखलेली सगळी वीज त्यांच्यासाठी काढलीस. ना घरघर, ना हादरा. चाळीसच्या वर काटा नेला नाहीस, मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. गावात शिरल्यावर अण्णांनी डोळे उघडले आणि विचारलं, "निघायचं न्हाई व्हय अजून?" दारात पोहोचलो होतो आपण. ते त्यानंतर नऊ दिवस जगले आणि येईल त्याला सांगायचे, बाळूनं मला उचलून आणला.

हे करणारा माणूस तूच होतास. म्हणून तर मला जास्त लागलं. परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या देऊन विसरलो असतो.

डेअरीचं तुला वेगळं सांगायला नको, पण मला सांगायचंय. तेरा संचालक, त्यात आपल्या पॅनेलचे सात. फॅटचं मशीन खरं दाखवावं म्हणून मी गावातल्या अर्ध्या लोकांशी वाकडं घेतलं. दूध थंड करायची टाकी यावी म्हणून पुण्याच्या ऑफिसात किती चपला झिजवल्या ते तुला माहीत, कारण निम्म्या वेळा तूच घेऊन गेलास. चेअरमन कोण, हा प्रश्न आलाच नव्हता. आपल्याकडं चालतं तसं ठरलं, अडीच वर्षं एकाची, अडीच दुसऱ्याची. पहिली माझी, पुढची तुझी. सातही जणांपुढं तूच म्हणालास, "आधी रामदास."

मग सहल. समोरच्यांनी कुणाला फोडू नये म्हणून सातही संचालक उचलले आणि यवतच्या पुढं, कासुर्डीच्या बाजूला एका ओळखीच्या शेतघरावर नेऊन ठेवले. तीन दिवस जेवण, पत्ते आणि झोप. रिवाजाप्रमाणे मी सगळ्यांचे फोन गोळा केले, कापडी पिशवीत टाकले. माझाही टाकला, बंद करून, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. तुझ्यापुढं पिशवी धरली तर तू म्हणालास, "राम्या, गाडीचं चार्जिंग ह्याच्यावर दिसतं रं." मी पिशवी पुढं नेली.

सात जणांत एकाचा फोन बाहेर राहिला, आणि तो गाडीसाठी. ही चूक फक्त मीच करू शकतो. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गाडीला काय ताप आलाय का, टाक फोन. पण मी तर दोन उन्हाळे तिला पाणी पाजलेलं.

त्यापुढचं तर मला सांगायलाही लाज वाटते. शेवटच्या दिवशी सकाळी तू म्हणालास, बॅटरी संपत आलीय, कुठं लावू? स्वयंपाकघरात चालेलसा एकच सॉकेट होता, त्यावर फ्रिज. मी फ्रिजचा प्लग काढला आणि तुझी वायर खिडकीतून आत घेऊन स्वतःच्या हातानं लावली. दुपारी मटण झालं. भाकरी, रस्सा, वर ताक. सगळे आंब्याखाली आडवे झाले. मीही. भाषणात म्हणतात ना, पाठीत खंजीर खुपसला. मी तर उताणा झोपलो होतो.

चार वाजता उठलो तर गाडी नव्हती. शिवराम आबाही नव्हते. तुझी ती जीप असती तर स्टार्टर मारल्याबरोबर उरलेले पाचही जण उठले असते. तू आमच्या उशाजवळून गेलास आणि आंब्यावरचा कावळासुद्धा उडाला नसेल. आत गेलो तर तुझी वायर गायब, नीट गुंडाळून नेलेली. आणि फ्रिजचा प्लग परत लावलेला. दूध नासू नये म्हणून. तो प्लग मी अजून विसरलेलो नाही, बाळू. केसानं गळा कापताना माणूस इतका व्यवस्थित कसा राहतो?

दुसऱ्या दिवशी अकराच्या मीटिंगला तू समोरच्या बाकावर बसलास. आठ विरुद्ध पाच. तू चेअरमन. हार घालताना सगळे तुझ्याकडं बघत होते आणि तू पंख्याकडं. मी घरी आलो, रागानं तोवर बंदच ठेवलेला फोन चालू केला, तर तुझे दोन कॉल येऊन गेल्याचा मेसेज. आदल्या दिवशी दुपारचे. मला वाटलं, हिणवायला केले असतील. तुझा नंबर तेव्हाच खोडला. पाठ होता, ही गोष्ट वेगळी.

महिनाभरानं आबांच्या हाती तू निरोप धाडलास, की अडीच वर्षं झाली की राजीनामा देतो, रामदासला सांगा. मी आबांना म्हणालो, "त्याला म्हणावं, मी भिकारी न्हाई." तू त्यावर उत्तर पाठवलं नाहीस. मला वाटलं होतं पाठवशील. मंदा म्हणायची, तोंडानं न्हाई म्हणता आन् कॅलेंडरकडं बघता. बघायचोच. खुर्चीसाठी नाही, खरं सांगतो. तू शब्द पाळतोस की नाही एवढंच मला बघायचं होतं. पाळला असतास तर मी समजलो असतो की त्या दुपारी तुझं डोकं फिरलं होतं, माणूस तोच आहे. तीन महिने राहिले होते. आता काय? तू राजीनामा दिला असतास की नाही, हे आता ना मला कळणार ना कुणाला. दगा दिलास तो दिलास, आणि वर त्याचा निकालही राखून ठेवलास.

परवा, नवव्या दिवशी, शोभावहिनींचा निरोप आला. दहाव्याला घाटावर त्यांच्याच गाडीतनं जायचंय, पण चार्जिंगचा लाल दिवा लागलाय आणि चालवणारंही कुणी नाही. तुझ्या भावाला ती गाडी बघूनच घाम फुटतो, तू कधी कुणाला हात लावू दिलास? मी गेलो. तुझ्या अंगणात सव्वादोन वर्षांनी पाय ठेवला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी लई जणांना दाखवलं. कुणालाच कळंना. मग नुसती पेट्रोलवरच फिरवत हुते." मी कोपऱ्यात गेलो. अर्थिंगचा खड्डा वाळून भेगाळला होता. एका माणसाला, एकदा, विचारलं असतंस तर कळलं असतं. मी दोन बादल्या ओतल्या. थोड्या वेळानं हिरवा दिवा लागला. तुझी लेक प्राजक्ता म्हणाली, "काका, तुम्ही काय केलं?" मी म्हणालो, काही नाही, पाणी घातलं.

आत बसून बघितलं. सीट पार मागं, तुझ्या पायांच्या मापाची. दारावरची ती बटणं दिसली. गाडी नवी असताना एकवर तू तुझी बैठक ठेवली होतीस आणि दोनवर माझी, म्हणजे मी चालवायला बसलो की उगाच ओढाओढी नको. मी दोन दाबलं. सीट सरकत सरकत पुढं आली, वर झाली, आरसे वळले, आणि बरोबर माझ्या मापाला येऊन थांबली. पुसलं नव्हतंस तू. किंवा पुसायचं कसं ते तुला माहीत नसेल, ते पुस्तक तू कधी उघडलंस? मी दहा मिनिटं तिथं बसून राहिलो आणि मला ठरवता आलं नाही. तू मला असल्याच गोष्टी ठेवून गेलास, दोन्हीकडून खऱ्या वाटतील अशा.

गाडी चार्ज होत होती तेव्हा शिवराम आबा बाजेवर येऊन बसले. मी त्यांच्याशीही तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. पण या दहा दिवसांत म्हातारा खचलाय. स्वतःहून सुरू झाले.

"मला म्हनला, आबा, यवतला जाऊन तंबाकू घिऊन येऊ. मी बसलो. गाडी सुरू झालीय ह्येच कळलं न्हाई, मला वाटलं उभीच हाय, आन् झाडं चालाय लागली. तंबाकू र्‍हायली बाजूला, राहूचा रस्ता धरला त्यानं. तवा म्हनला, आबा, मी चेअरमन व्हतोय, तुमी संगं या."

"आणि तुम्ही गेलात."

"गेलो. माझ्या नातवाला तुझ्या मशीननं तीन येळा नापास केलता, रामदास. दूध खरं हुतं त्याचं. मी तुला सांगाया आलो तवा तू म्हनला, मशीन खोटं बोलत न्हाई. लागलं हुतं मला."

ते मला आठवत होतं.

"आन् भीमेच्या पुलावर त्यानं गाडी लावली कडंला. लई येळ बसला. फोन लावला दोन डाव, कानाला धरला, ठेवला. मला म्हनला, आबा, माघारी फिरू का? मी म्हनलो, फिर न्हाईतर जा, मला आधी उतरू दे, लघवीला लागलीय. मी उतरून आलो तवर त्यानं गाडी चालू करून ठिवलीवती, तोंड गावाकडं."

म्हणजे ते दोन कॉल पुलावरचे होते. माझा फोन पिशवीत, बंद, मीच बंद केलेला. आबांना वाटलं, हे ऐकून माझा राग जाईल. उलट वाढला. पुलापासून शेतघर किती लांब होतं? अर्धा तास. गाडीतल्या पडद्यावर दिसत असतं तुला, किती किलोमीटरची वीज शिल्लक आहे ते. माघारी येण्याएवढी होती, कारण सकाळी मीच भरली होती. फोन लागला नाही तर माणूस स्वतः येतो. झोपलेल्याला पायानं ढोसतो आणि म्हणतो, ऊठ राम्या, मला चेअरमन व्हायचंय. तू आबांना विचारलंस. तेही लघवीला चाललेल्या माणसाला.

आता हे शेवटचं, आणि हे मी मंदालाही सांगितलेलं नाही. मी गावभर सांगत फिरलो की त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. ते खोटं आहे. सहलीच्या आठवडाभर आधी आपण दौंडला लग्नाला गेलो होतो. येताना चौफुल्याच्या अलीकडं तू म्हणालास, "राम्या, पहिली अडीच मला दे की. पुढची तू घे." समोर बघत म्हणालास. मी हसलो. मी म्हणालो, "मोठ्या गाडीत बसला म्हंजी काय चेअरमन झाला व्हय?" तू पण हसलास. मग गावापर्यंत मी फॅटच्या मशीनबद्दल बोलत राहिलो.

तरीही, बाळू. एकदा विचारणं म्हणजे विचारणं नसतं. आपल्यात एवढं घडलंय की तू दुसऱ्यांदा विचारू शकत होतास. कॉलर धरून विचारायचंस. मी दिली असती का? माहीत नाही. माझाही स्वभाव तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. पण नाही म्हणायची संधी तरी द्यायचीस. सव्वादोन वर्षं मी हे वाक्य रोज म्हणतोय, आणि आता ते कुणाला ऐकवायचं हाच प्रश्न आहे.

काल मी गाडी चालवली. पुढं आबा, मागं वहिनी आणि प्राजक्ता. घाटावर भाषणं चालली होती तेव्हाच दोघा-तिघांनी मला बाजूला घेतलं. तुझा चुलता म्हणाला, "रामदास, जवळ थांब. कावळा न्हाई शिवला तर तुलाच बोलावं लागंल. त्याचा जीव दुसऱ्या कशात असायचा न्हाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्या गावाला वाटत होतं की तू माझ्यापाशी अडकलेला असणार.

मलाही वाटत होतं. खोटं कशाला बोलू. मी सकाळपासून वाक्य जुळवत होतो. 'बाळू, चेअरमनकीचं मनात ठेवू नको. तू विचारलं होतंस, मी हसण्यावारी नेलं. मी सगळं सोडलं, तू जा.' एवढंच. चारचौघांत बोलायचं म्हणून चार वेळा बदललं. तुझ्यासमोर मी पहिल्यांदा हार मानणार होतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट बरं वाटत होतं. तू थांबशील, कावळे लांब बसून राहतील, लोक माझ्याकडं बघतील, आणि मी पुढं होईन.

भटजींनी पिंड ठेवले. लोक मागं सरले. मी पुढं सरकून तयार झालो.

वहिनींनी हात जोडायच्या आत कावळा आला. समोरच्या बाभळीवरून सरळ खाली, इकडं नाही बघितलं, तिकडं नाही बघितलं. पिंडाला चोच लावली आणि घास घेऊन गेला. मागोमाग आणखी दोन. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी म्हणालं, पुण्यवान माणूस. चप्पल घालून सगळे जेवणाच्या मांडवाकडं निघाले.

वहिनी माझ्याजवळ आल्या. चेहरा दहा दिवसांत पहिल्यांदा जरा सैल झाला होता.

"भावजी, बघितलं न्हवं? लगेच शिवला. कशातच जीव अडकला नव्हता त्यांचा."

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "लई चांगलं झालं."

आणि मग मी रडलो, बाळू. दहा दिवसांत तेव्हा पहिल्यांदा. वहिनीच मला धीर द्यायला लागल्या.